सहलीची तयारी टाचेपासून

श्रावणातली ब्रह्मगिरीची फेरी, सप्तशृंग गडाच्या पायऱ्या किंवा दिवाळीच्या सुट्टीतले कोकण असा काही बेत ठरला, की नाशिककरांच्या घरी गाडीच्या टायरमधली हवासुद्धा आठवणीने तपासली जाते. पायांची आठवण मात्र बहुधा आदल्या संध्याकाळी, मेन रोडवर नवे बूट घेताना होते. शरीरशास्त्राच्या दृष्टीने ही फार उशिराची वेळ आहे. बाह्यत्वचा तळापासून वरपर्यंत नवी व्हायला साधारण चार आठवडे लागतात आणि चालण्याचा वाढता भार ती हळूहळूच अंगवळणी पाडून घेते. पायांच्या तयारीला निदान तीन-चार आठवडे हवेत ते यासाठी.

सहलीत सर्वाधिक छळणारी गोष्ट म्हणजे फोड. बूट चावला, कातडी वरून घासली गेली आणि फोड आला, असे आपण समजतो. प्रत्यक्षात बिघाड आतल्या बाजूने सुरू होतो. एका हाताचे बोट दुसऱ्या हाताच्या पाठीवर टेकवावे आणि ते जागचे न घसरू देता मागेपुढे हलवावे. बोट व त्वचा एकमेकांना चिकटून राहतात, पण त्वचेखालचे हाड वेगळे सरकते आणि मधला मऊ भाग ताणला जातो. बुटात प्रत्येक पावलाला हेच घडते. हजारो पावलांनंतर बाह्यत्वचेच्या मधल्या थरातील पेशी एकमेकींपासून फाटतात आणि त्या पोकळीत आजूबाजूच्या ऊतींमधला द्रव साचतो. टाच आणि तळवा येथे वरची कातडी जाड असल्याने ती फाटत नाही, फुगते.

ओलाव्याचा संबंध येथेच येतो. घामाने दमट झालेली त्वचा कोरड्या त्वचेपेक्षा मोज्याला अधिक घट्ट धरते, त्यामुळे आतला ताण वाढतो. तळपायावर घर्मग्रंथी अतिशय दाट असतात आणि सुती मोजे घाम शोषून तो तसाच धरून ठेवतात. लांब चालण्यासाठी म्हणूनच घाम बाहेर टाकणारे कृत्रिम धाग्याचे किंवा पातळ लोकरीचे मोजे बरे, आणि पिशवीत बदलायला एक कोरडी जोडी हवीच. पावसाळी फेरीनंतर बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या केल्या नाहीत, तर चिखल्या होतात. तो बुरशीचा संसर्ग असल्याने तेथे तेल किंवा मलम चोपडून ओलावा वाढवू नये.

टाचांचे गणित याच्या उलट आहे. तळपायाला तैलग्रंथी मुळीच नसतात, त्यामुळे तेथली जाड कातडी कोरडी पडून तिला भेगा जातात. रात्री पाय धुऊन, किंचित ओलसर असतानाच आमसुलाचे तेल किंवा युरियायुक्त मलम लावून मोजे घातले, तर दोन-तीन आठवड्यांत फरक दिसतो. वज्रीने हलकेच घासायला हरकत नाही. मात्र सहलीच्या आदल्या दिवशी पार्लरमध्ये जाऊन घट्टे खरवडून काढणे हा, माझ्या मते, सौंदर्याच्या नावाखाली केलेला आत्मघात आहे. बेताचा घट्टा हे पायाने स्वतःच घडवलेले चिलखत असते.

दिवसभरात पाय थोडे सुजतात, म्हणून बूट संध्याकाळी घ्यावेत आणि सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवावी. ते घालून गोदाकाठी किंवा पांडवलेण्यांच्या पायऱ्यांवर रोज थोडे अधिक चालावे. हरिहर किंवा अंजनेरी उतरताना बोटे पुढे आदळून नखे काळी पडतात. नखे सरळ रेषेत कापलेली असली आणि घोट्याजवळ नाडी घट्ट असली, की हे बरेच टळते.

वाटेत एखाद्या जागी चुरचुरू लागले, तर पुढच्या थांब्याची वाट न पाहता तिथेच बूट काढावा. मेडिकलच्या दुकानात मिळणारी साधी कागदी चिकटपट्टी येथे उपयोगी पडते. सुमारे २५० किलोमीटरच्या, अनेक दिवस चालणाऱ्या शर्यतींतील १२८ धावपटूंवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशी पट्टी आधीच लावलेल्या भागांत फोडांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळले. फोड आलाच, तर तो शक्यतो फोडू नये. वरची कातडी शाबूत राहिली, की तिच्याखाली साधारण पाच दिवसांत नवा थर तयार होतो.

बस किंवा गाडीत तासन्‌तास बसल्यावर येणारी सूज वेगळी. पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावून रक्त वर ढकलतात, आणि ते निवांत असले की द्रव पायांत उतरतो. अधूनमधून घोटे हलवणे आणि चहाच्या थांब्यावर चार पावले चालणे पुरेसे असते.

मधुमेहींनी मात्र यातले काहीच अंदाजावर सोडू नये. त्यांच्या पायांतील चेतातंतू मंदावलेले असले, तर खडा टोचल्याचे किंवा चटका बसल्याचे कळतच नाही. उन्हाळ्यातल्या दुपारी मंदिराच्या प्रांगणातली काळी फरशी ५० अंश सेल्सिअसपर्यंत तापली, तर काही मिनिटांचा स्पर्शही भाजायला पुरतो. अशा वेळी मोजे घालून दर्शन घेण्यात संकोच नसावा. बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून पाहावा आणि रात्री आरशात तळवे तपासावेत. मोजे शक्यतो पांढरे घ्यावेत, म्हणजे रक्ताचा किंवा पाण्याचा डाग पडला तर लगेच दिसतो. तसा डाग दिसला, की सहल अर्धवट राहिली तरी चालेल, पण त्याच दिवशी डॉक्टरांना पाय दाखवावा.