फवारणी, गप्पी की मच्छरदाणी? हिवतापाच्या डासांवरच्या उपायांची पार्श्वभूमी

डास मारायचा म्हणजे नेमका कोणता आणि कुठे मारायचा, हे आधी ठरवावं लागतं. हिवताप पसरवणाऱ्या ॲनोफिलिस डासांपैकी स्टीफेन्सी शहरात विहिरी, हौद आणि गच्चीवरच्या टाक्यांत वाढतो. क्युलिसिफेसीस खेड्यातल्या पाटांत आणि खड्ड्यांत वाढतो, दिवसा घरात नाहीतर गोठ्यात बसून राहतो. फ्लुव्हियाटिलिसला डोंगराळ भागातल्या संथ ओढ्यांचे काठ लागतात. आपल्याकडे हिवतापाची मोहीम जिथे जिथे फसली, तिथे बहुधा हा फरक कोणीतरी विसरलं होतं.

ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉसला 1897 मध्ये सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे परजीवी दिसले. त्यानंतर चौदा वर्षांनी, 1911 मध्ये, हिवतापाचा अभ्यासक चार्ल्स बेंटली याने मुंबईतल्या हिवतापाचा अहवाल दिला. दलदलीपेक्षा घरोघरच्या विहिरी हेच मूळ आहे, असं त्याचं म्हणणं होतं. पालिकेने विहिरी बुजवायला किंवा झाकायला सांगितलं, आणि तिथेच खटके उडाले. विहिरीचं पाणी पूजेला लागायचं. पारशी घरांत तर पाण्याला ऊन लागलंच पाहिजे अशी श्रद्धा. तडजोड म्हणून काही विहिरींच्या झाकणात बारीक जाळीची खिडकी ठेवली गेली. 1928 मध्ये गॉर्डन कोव्हेलने पुन्हा पाहणी केली, तेव्हाही बोट विहिरी-टाक्यांकडेच होतं.

आज विहिरींची जागा गच्चीवरच्या टाक्यांनी घेतली आहे. झाकण असतं, पण पातळी दाखवणाऱ्या वायरीसाठी ते बोटभर उघडं राहतं, नाहीतर ओव्हरफ्लो पाइपाच्या तोंडची जाळी कधीच गळून पडलेली असते. मादीला तेवढी फट पुरते. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा साठवणीची भांडी रिकामी करून सुकवायचा ‘कोरडा दिवस’ त्या हिशेबानेच आला. रिकामं करता न येणाऱ्या, न पिण्याच्या पाण्यात टेमेफॉस हे अळ्या मारणारं औषध वापरतात: 50 टक्क्यांचं औषध 2.5 मिली, पाणी 10 लिटर, आणि फवारा दर आठवड्याला. एक आठवडा हुकला की तिथून डास उडालेच म्हणून समजा.

डीडीटी हे कीटकनाशक आलं आणि सगळ्यांची नजर अळीवरून भिंतीवर गेली. 1946 च्या सुमारास डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या कानडा आणि धारवाड जिल्ह्यांत घरांच्या आतून फवारणी सुरू केली. रक्त पिऊन जड झालेला डास भिंतीवर टेकतो आणि तिथेच औषध त्याच्या पायांना लागतं. सगळी युक्ती एवढीच. 1947 मध्ये देशात वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू होत असल्याचा अंदाज होता. 1953 मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, 1958 मध्ये त्याचा निर्मूलन कार्यक्रम झाला आणि 1965 पर्यंत रुग्ण लाखाच्या आसपास उतरले. मग घसरण लागली. 1976 मध्ये आकडा 64 लाखांवर होता.

कारणं एकात एक अडकलेली होती. डीडीटी शेतातही पडत होतं, म्हणून क्युलिसिफेसीस अळी असल्यापासून त्याला सरावत गेला. पुरवठा वेळेवर होत नव्हता. शहरांकडे तर दुर्लक्षच झालं होतं. नागरी हिवताप योजना यायला 1971 उजाडलं. मग औषधं बदलली, आणि मात्राही. 50 टक्के डीडीटी पावडर 1 किलो 10 लिटर पाण्यात कालवली की 500 चौरस मीटर भिंत होते, म्हणजे चौरस मीटरला 1 ग्रॅम. 25 टक्के मॅलॅथिऑन तेवढ्याच पाण्यात 2 किलो लागतं आणि निम्मीच भिंत होते. त्याचा असर सहाएक आठवडे, डीडीटीचा दहाएक. म्हणून हंगामात दोनाऐवजी तीन फेऱ्या. त्यात वास असा की लोक दार लावून घेत. डेल्टामेथ्रिनला वास कमी, मात्रा चौरस मीटरला 20 मिलिग्रॅम.

फवारणी बिघडते ती बहुतेक वेळा साध्या गोष्टींनी. नोझल भिंतीपासून 45 सेंटीमीटरवर हवं. जवळ नेलं की औषध ओघळतं, लांब धरलं की हवेतच जातं. पावडर सारखी ढवळली नाही तर बादलीच्या तळाशी बसते, आणि काही घरांना नुसतं पाणी मिळतं. सर्वांत मोठी अडचण मात्र सणाची: फवारणीनंतर आठवड्याभरात भिंत शेणामातीने सारवली की औषध थराखाली जातं. गावाचा सण पाहून फेरी आखणं हाच त्यावर उपाय. धूरफवारणी लोकांना फार आवडते, कारण ती दिसते. पण तिने त्या क्षणी उडणारेच डास मरतात, आणि हिवतापाचा डास रात्री चावतो.

गोव्यात 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात हिवताप वाढला, तो बांधकामांबरोबर: स्लॅबवर साचवलेलं पाणी, मजुरांच्या वस्तीतली पिंपं. तिथे अळ्या मारणारे बीटीआय हे जिवाणू आणि अळ्या खाणारे मासे वापरले गेले. महाराष्ट्रात ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ भिंतीभिंतीवर रंगवलेलं आहे. विहिरीत, कारंज्यात, न आटणाऱ्या हौदात गप्पी उत्तम. आटणाऱ्या डबक्यात किंवा वाहत्या ओढ्यात ते टाकून उपयोग नाही.

2016 च्या राष्ट्रीय आराखड्याने 2030 पर्यंत निर्मूलनाचं उद्दिष्ट ठेवलं. गडचिरोलीसारख्या जंगलपट्ट्यात भर आहे औषधयुक्त मच्छरदाणीवर, कारण पाड्यावर फवारणीची टोळी वेळेवर पोचेलच असं नाही, आणि शेतावर राखणीला झोपणाऱ्याला घराची फवारलेली भिंत उपयोगी नाही. मच्छरदाणी तो बरोबर नेऊ शकतो. ती साधारण तीन वर्षं किंवा वीस धुण्यांपर्यंत टिकते. नवी दाणी वापरण्याआधी दिवसभर सावलीत पसरून ठेवायची, धुताना सौम्य साबण घ्यायचा, घासायची नाही, आणि वाळत घालायची तीही सावलीतच. उन्हाने औषध उतरतं.