देशातली तोडबंदी आणि परदेशी ओंडके: पार्श्वभूमी

गुजरातमधल्या गांधीधामच्या आरागिरण्यांत चिरला जाणारा ओंडका बहुतेकदा बोटीने आलेला असतो: न्यूझीलंडचा पाइन, मलेशियाचा मेरांटी, घाना किंवा इक्वेडोरच्या लागवडीतला साग. कांडला बंदरालगत गिरण्यांची एवढी दाटी झाली, त्याचं मोठं कारण आपल्याच जंगलांवर आलेल्या निर्बंधांत आहे.

1988 च्या राष्ट्रीय वननीतीने नैसर्गिक जंगल उद्योगांना पुरवायचं नाही, कारखान्यांनी लाकूड शेतकऱ्यांकडून घ्यावं, अशी दिशा ठरवली. खरा दणका मात्र जंगलतोडीविरुद्धच्या गोदावर्मन खटल्यातल्या 12 डिसेंबर 1996 च्या आदेशाने बसला. मालकी कोणाचीही असो, शब्दकोशातल्या अर्थाने जे जंगल ते जंगल, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. केंद्राने मंजूर केलेल्या कार्य आयोजनेबाहेरची, म्हणजे कुठे किती झाडं तोडायची हे ठरवणाऱ्या वनखात्याच्या आराखड्याबाहेरची, तोड थांबली. ईशान्येच्या सात राज्यांतून रेल्वे, रस्ता वा जलमार्गाने लाकूड बाहेर नेण्यावर बंदी आली. अरुणाचलच्या तिरप आणि चांगलांगमधल्या आणि त्या राज्याच्या सीमेपासून 100 किलोमीटरच्या आतल्या आसामातल्या आरागिरण्या, व्हीनियर (लाकडाचे पातळ पापुद्रे) आणि प्लायवूडचे कारखाने बंद करायला लागले.

दारं, फर्निचर, शटरिंगचं प्लाय यांची मागणी काही घटली नाही. ओंडक्यांची आयात खुली होती आणि चिरलेल्या लाकडापेक्षा अख्ख्या ओंडक्यावर जकात कमी. म्हणून चिराईचा धंदा बंदरांशेजारी वाढला. महाराष्ट्रातली तोड काही थांबली नाही. आलापल्ली, चंद्रपूरचा साग कार्य आयोजनेनुसार तोडला जातो, ओळखीसाठी मारलेला हातोड्याचा ठप्पा आणि वाहतूक पास घेऊन बल्लारपूरच्या लिलावात येतो. व्यापारात त्याला आजही ‘सीपी टीक’, म्हणजे जुन्या मध्य प्रांताचा (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस) साग, म्हणतात. पण त्याचं प्रमाण आयोजनेने बांधलेलं. भाव चढला म्हणून जास्त झाडं पाडता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

असं आपल्याकडेच घडलं असं नाही. नोव्हेंबर 1988 मध्ये दक्षिण थायलंडमध्ये महापूर आला, उघड्या डोंगरांवरचे ओंडके गावांवर कोसळले, आणि जानेवारी 1989 मध्ये तिथल्या सरकारने देशभरातले तोडीचे ठेके रद्द केले. त्याआधीच, डिसेंबर 1988 मध्ये थाई लष्करप्रमुख म्यानमारची तेव्हाची राजधानी रंगूनला जाऊन आले होते. सीमेलगतच्या म्यानमारी जंगलांत थाई कंपन्यांना ठेके मिळाले. 1998 च्या यांगत्सेच्या पुरानंतर चीननेही नैसर्गिक जंगलातली तोड आवरली आणि रशिया, म्यानमार, आफ्रिकेतून ओंडक्यांची आयात वाढवली. जंगल एका देशात वाचलं, त्याची किंमत शेजारच्या जंगलाने मोजली. हे मान्य केल्याशिवाय तोडबंदीचा हिशेब पुरा होत नाही.

मग पुरवठादारही हात आखडते घेऊ लागले. गॅबनने 2010 मध्ये, म्यानमारने 1 एप्रिल 2014 पासून आणि लाओसने 2016 मध्ये ओंडक्यांची निर्यात बंद केली. म्यानमारच्या गर्जन झाडाचं लाकूड हा आपल्या प्लायवूडच्या वरच्या थराचा कणा होता. ते अडल्यावर भारतीय व्यापाऱ्यांनी व्हीनियरच्या गिरण्याच परदेशात उभारल्या. गॅबनच्या एन्कोक या विशेष आर्थिक क्षेत्रात ओकुमे या तिथल्या झाडाचे ओंडके सोलून पातळ पापुद्रे इकडे येऊ लागले.

ओंडक्यावरच्या बंदीतली पळवाट समजून घ्यायला जकातीची वर्गवारी पाहावी. ओंडका, मग तो सालीसकट असो वा ढोबळ चौकोनी तासलेला, 4403 या क्रमांकाच्या वर्गात जातो. लांबीत चिरलेलं, 6 मिलिमीटरपेक्षा जाड लाकूड 4407 मध्ये, आणि त्याहून पातळ व्हीनियर 4408 मध्ये. चारही बाजू करवतीने साफ केल्या की तोच जाडजूड तुकडा ‘चिरलेला’ ठरतो आणि बंदीतून सुटतो. शिवाय ठप्प्याचा भाग कापला गेल्याने तो कुठल्या जंगलातला, हे ओळखणं अवघड होतं.

लागवडीच्या सागात अडचण मापाची. ओंडका हॉपस पद्धतीने मोजतात: घेराच्या चौथाईचा वर्ग गुणिले लांबी. 120 सेंटिमीटर घेर, 3 मीटर लांबी असेल तर 0.27 घनमीटर, प्रत्यक्ष आकारमान सुमारे 0.34. ही तूट चिराईतल्या नासाडीपोटी धरलेली असते. जुन्या, जाड सागाला ती पुरायची. कोवळ्या, बारीक ओंडक्यात बाहेरचा पांढरा थर जास्त असल्याने तो काढल्यावर गाभ्याच्या फळ्या अंदाजापेक्षा कमी निघतात. पांढरा थर तसाच ठेवला, तर चौकटीला पहिली वाळवी तिथेच लागते.