परदेशात घर बांधताना: ठेकेदार, हप्ते आणि हिशेब

हे माहितीपत्रक दुसऱ्या देशात जागा घेऊन घर बांधणाऱ्या, पण बांधकामाच्या काळात तिथे राहू न शकणाऱ्या ग्राहकांसाठी आहे. आमच्याकडे येणारी बहुतेक भांडणे एकाच ठिकाणी सुरू होतात: झालेल्या कामापेक्षा जास्त पैसे ठेकेदाराकडे गेलेले असतात. मग ठेकेदाराला काम पुढे नेण्याची घाई उरत नाही आणि मालकाला त्याला काढूनही टाकता येत नाही. त्यामुळे कोणत्याही दिवशी हिशेब मांडला तरी दिलेल्या पैशांपेक्षा जागेवरचे काम थोडे जास्तच असले पाहिजे. पुढचे सगळे यासाठीच आहे.

दर मागण्याआधी

अर्धवट नकाशांवर दर मागवू नका. वास्तुरचनेचे नकाशे, स्ट्रक्चरल इंजिनिअरचे नकाशे, सळ्यांचा तक्ता (कुठे, किती व्यासाच्या, किती सळ्या), वीज आणि प्लंबिंगच्या लाइन, दारे-खिडक्यांचा तक्ता आणि मातीचा अहवाल हाती असल्याशिवाय मिळालेला आकडा नुसता अंदाज असतो. मातीच्या अहवालाचा खर्च वाचवण्याच्या भानगडीत पडू नये. पाया खोल गेला किंवा खड्ड्यात पाणी लागले की तो खर्च ‘अनपेक्षित’ म्हणून मालकाच्याच माथी येतो, आणि तोवर खोदाई झालेली असल्याने घासाघीस करायला जागा नसते.

परवानगीचे नियम तिथल्या परवानाधारक आर्किटेक्टकडूनच समजून घ्या. ठेकेदाराचा परवाना आणि विमा मूळ नोंदवहीत तपासा, त्याने पाठवलेल्या फोटोवर विसंबू नका. कामगारांना इजा झाल्यास आणि शेजाऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाल्यास भरपाई देणारा विमा काम संपेपर्यंत चालू असायला हवा.

चौरस मीटरचा दर फसवा असतो

‘अमुक चौरस मीटर गुणिले अमुक दर’ हे कोटेशन वाचायला सोपे, पण वादाला आमंत्रण देणारे. क्षेत्रफळ भिंतींच्या बाहेरून मोजले की आतून, बाल्कनी आणि गॅरेज पूर्ण धरले की अर्धे, हेच त्यात लिहिलेले नसते. त्याऐवजी बाबवार यादी मागा: खोदाई किती घनमीटर, काँक्रीट किती, सळई किती किलो, भिंत किती, गिलावा किती, आणि प्रत्येकाचा दर वेगळा. कमीत कमी तीन ठेकेदारांकडून एकाच यादीवर दर घ्या.

त्या तीन याद्या शेजारी ठेवून बेरजेऐवजी ओळी वाचा. एखाद्याचे खोदाई आणि पायाचे दर इतरांपेक्षा बरेच चढे आणि फरशी, रंग, दारांचे दर संशयास्पद कमी असतील, तर त्याने नफा सुरुवातीलाच उचलायची सोय केली आहे. स्लॅब पडला की त्याची कमाई झालेली असते, आणि फिनिशिंगचे काम त्याला तोट्याचे वाटू लागते. एकूण रक्कम सर्वांत कमी असली तरी असा ठेकेदार शेवटी महागात पडतो.

यादीत काय नाही तेही शोधा. वीज आणि पाण्याची जोडणी, तात्पुरती वीज, परांची, उरलेली माती उचलणे, सेप्टिक टाकी, कुंपण, गेटपर्यंतचा रस्ता, सरकारी फी आणि कर या गोष्टी हटकून राहून जातात. दर करासह आहेत की कराशिवाय, हे एका ओळीत लिहून घ्या. ‘अंदाजी रक्कम’ म्हणून धरलेल्या बाबी, उदाहरणार्थ स्वयंपाकघराचे ओटे-कपाटे किंवा बाथरूमचे नळ, मोजक्याच ठेवा. कोटेशन आकर्षक दिसावे म्हणून या रकमा मुद्दाम कमी धरल्या जातात. हे सगळे करूनही एकूण खर्चाच्या १० ते १५ टक्के रक्कम राखीव ठेवा आणि ती आहे हे ठेकेदाराला सांगू नका.

एकच आकडा, दोन अर्थ

देश बदलला की मापांचे अर्थ बदलतात, आणि करारात ते उघडपणे दिसत नाहीत.

काँक्रीटची ताकद काही देशांत १५० मिमीच्या घनावर तपासतात, काही ठिकाणी १५० मिमी व्यासाच्या आणि ३०० मिमी उंचीच्या दंडगोलावर. त्याच काँक्रीटचा दंडगोल घनाच्या साधारण ०.८ पट ताकद दाखवतो. युरोपात ‘सी २५/३०’ लिहितात, त्यातला पहिला आकडा दंडगोलाचा आणि दुसरा घनाचा, दोन्ही न्यूटन प्रति चौरस मिमीमध्ये. म्हणजे भारतीय पद्धतीचे एम ३० (घनावर ३०) आणि सी २५/३० ही जवळजवळ सारखीच. नुसते ‘२५’ एवढेच लिहिले असेल तर कोणते २५, हा वाद पुढे होणारच. अमेरिकेत ४,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) म्हणतात. ती दंडगोलाची ताकद असून सुमारे २७.६ न्यूटन प्रति चौरस मिमी भरते. अमेरिकेत सळईचा क्रमांक इंचाच्या आठव्या भागात असतो: ४ नंबरची सळई म्हणजे १२.७ मिमी.

नळ किंवा फिटिंग घरून नेणार असाल तर थांबा. ब्रिटिश आणि अमेरिकन पाइपांच्या आट्यांचा कोन वेगळा असतो, पहिल्याचा ५५ अंश आणि दुसऱ्याचा ६०. अर्धा इंची फिटिंग एकमेकांत फिरते, घट्टही वाटते, आणि काही दिवसांनी भिंतीत गळू लागते. विजेचेही तसेच. २३० व्होल्टची उपकरणे १२० व्होल्टच्या घरात चालणार नाहीत, आणि ५० व ६० हर्ट्झचा फरक मोटर असलेल्या उपकरणांना बाधतो.

युरोपातल्या अनेक देशांत १.२५० म्हणजे एक हजार दोनशे पन्नास, आणि ०४/०७ ही तारीख देशाप्रमाणे ४ जुलै होते किंवा ७ एप्रिल. करारात रकमा अक्षरी आणि महिन्यांची नावे पूर्ण लिहा. करार दोन भाषांत असेल तर वादाच्या वेळी कोणती प्रत ग्राह्य धरायची, हेही त्यातच नमूद करा.

हप्ते कसे बांधावेत

हप्ता तारखेला बांधू नका, पूर्ण झालेल्या आणि डोळ्यांना दिसणाऱ्या टप्प्याला बांधा. ‘काम ४० टक्के झाले’ हा टप्पा नव्हे. ‘पहिल्या मजल्याचा स्लॅब टाकून झाला आणि सात दिवसांच्या चाचणीचा अहवाल आला’ हा टप्पा.

चांगला नमुना फ्रान्समध्ये आहे. तिथे नकाशासह घर बांधून देण्याच्या करारात कोणत्या टप्प्यापर्यंत जास्तीत जास्त किती पैसे मागता येतील, हे कायद्यानेच ठरवले आहे: काम सुरू होताना १५ टक्के, पाया झाल्यावर २५, भिंती उभ्या राहिल्यावर ४०, छत होऊन पाऊस अडला की ६०, आतल्या भिंती आणि दारे-खिडक्या बसल्यावर ७५, प्लंबिंग, सुतारकाम आणि हीटिंग संपल्यावर ९५. हे आकडे एकत्रित आहेत, प्रत्येक टप्प्याचे वेगळे नव्हेत. शेवटचे ५ टक्के ताब्याच्या वेळी. जर्मनीत ग्राहकाच्या घरबांधणी करारात मधल्या हप्त्यांची बेरीज एकूण रकमेच्या ९० टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही. तुम्ही बांधत आहात त्या देशात असा कायदा नसला तरी हीच चौकट करारात उतरवता येते.

उचल शक्यतो १० टक्क्यांच्या आत आणि बँक गॅरंटीच्या, म्हणजे ठेकेदाराने काम सोडले तर पैसे परत देण्याच्या त्याच्या बँकेच्या हमीच्या, बदल्यातच द्या. गॅरंटी मागताक्षणी पैसे देणारी असावी, आणि तिची मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवा. काम लांबते, गॅरंटी मुदत संपून मरते, आणि कोणाच्याच लक्षात येत नाही. कामाला उशीर झाला की गॅरंटीला मुदतवाढ मिळाल्याखेरीज पुढचा हप्ता देऊ नये.

कारखान्यात तयार पडलेल्या खिडक्यांचे पैसे मागितले जातात तेव्हा सावध राहा. ठेकेदार दिवाळखोर झाला तर त्याच्या गोदामातला माल त्याचाच समजला जाण्याचा धोका असतो. मालकीचा लेखी दाखला, मालावर तुमच्या नावाची खूण आणि विमा असेल तरच अशी रक्कम सोडा.

प्रत्येक बिलातून ५ टक्के अनामत कापून घ्या. त्यातली निम्मी ताब्याच्या वेळी आणि उरलेली दोषनिवारणाची मुदत (ताब्यानंतर दिसलेले दोष ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायचा काळ) संपल्यावर द्यायची.

अमेरिका आणि कॅनडात आणखी एक फास आहे. मुख्य ठेकेदाराने पोटठेकेदाराचे किंवा सिमेंटवाल्याचे पैसे बुडवले, तर पैसे बुडालेला तो माणूस थेट तुमच्या घरावर बोजा चढवू शकतो, तुम्ही मुख्य ठेकेदाराला पूर्ण पैसे दिलेले असले तरीही. म्हणून प्रत्येक हप्त्याबरोबर सर्व पोटठेकेदारांचे ‘आमची बाकी नाही’ असे सहीचे पत्र घ्या. ऑन्टारिओ प्रांतात तर अशा दाव्यांसाठी मालकाने प्रत्येक बिलातले १० टक्के रोखून ठेवायचे असतात.

झाकले जाण्याआधी पाहा

बांधकामातला खोटेपणा बहुधा गिलाव्याच्या, फरशीच्या आणि काँक्रीटच्या आत राहतो. म्हणून करारात थांबण्याची ठिकाणे लिहा, जिथे तुमच्या इंजिनिअरच्या सहीशिवाय काम पुढे जाणार नाही: पायाच्या खड्ड्याचा तळ, प्रत्येक काँक्रीटआधीची सळई, गिलाव्याआधीच्या पाइपलाइन आणि वायरिंग, फरशीआधीचे वॉटरप्रूफिंग. हा इंजिनिअर तुम्ही नेमलेला आणि तुमच्याकडूनच पैसे घेणारा असावा. ठेकेदाराने सुचवलेला नको. त्याची फी ही या सगळ्या खर्चातली सर्वांत वसूल होणारी रक्कम आहे, असे आमचे ठाम मत आहे.

सळई तपासणे दुरूनही बरेच जमते. नकाशात १० मिमीच्या सळया १५० मिमी अंतरावर आहेत असे समजा. एका मीटरला १० मिमी सळईचे वजन ०.६१७ किलो, म्हणजे एका दिशेने प्रत्येक चौरस मीटरला सुमारे ४.१ किलो. त्याच २०० मिमीवर बांधल्या तर ३.१ किलोच लागते. डोळ्यांना जाळी भरगच्चच दिसते, पण चौथा हिस्सा सळई गायब झालेली असते. म्हणून सळयांवर टेप पसरून, एका मीटरमध्ये किती सळया येतात ते मोजता येईल असा फोटो मागवा. इतर व्यासांसाठी सूत्र सोपे आहे: मिमीतल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, की एका मीटरचे वजन किलोत मिळते.

व्हिडिओ कॉलवर फोन कुठे फिरवायचा ते तुम्ही सांगा. मधली जागा बहुतेक वेळा नीटनेटकीच असते. कॉलम आणि बीमचा सांधा पाहा, तिथे रिंगा (उभ्या-आडव्या सळयांना वेढणाऱ्या बारीक सळया) गाळल्या जातात. जाळीखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई फळीपासून उचलून धरणारे छोटे ठोकळे, आहेत का ते पाहा. सळई थेट फळीवर टेकली असेल तर काँक्रीटचे आवरण राहत नाही, आणि काही वर्षांत गंज धरून छताचे पापुद्रे सुटतात. स्लॅबला साधारण २० ते २५ मिमी आणि मातीला टेकणाऱ्या पायाला ५० ते ७५ मिमी आवरण लागते. नेमका आकडा नकाशात असतो.

काँक्रीटच्या दिवशी गाड्यांच्या पावत्या गोळा करा. १२० चौरस मीटरचा, १२५ मिमी जाडीचा स्लॅब म्हणजे १५ घनमीटर. थोडी घट धरून पावत्यांची बेरीज १५.५ च्या आसपास यावी. १३ आली तर स्लॅब कुठेतरी पातळ आहे. पावतीवर प्लांटमधून निघाल्याची आणि ओतून झाल्याची वेळ असते, ती दीड तासाहून फार लांबली असेल तर विचारा. मिश्रण घट्ट झाले म्हणून जागेवर पाणी घालू देऊ नका. त्याने काम सोपे होते आणि ताकद उतरते. नमुने स्वतंत्र प्रयोगशाळेत जावेत. सात दिवसांनी साधारण दोन-तृतीयांश ताकद दिसायला हवी, अंतिम निकाल २८ दिवसांचा.

पाइपलाइन बंद करण्याआधी दाब देऊन तपासा, कामाच्या दाबाच्या दीडपट. बाथरूम आणि गच्चीवर किमान २४ तास पाणी साठवून खालची बाजू पाहा. सर्व लपलेल्या लाइनचे फोटो खोलीचे नाव आणि कोपऱ्यापासूनचे अंतर दिसेल असे ठेवा. पुढे भिंतीत खिळा ठोकताना तेच उपयोगी पडतात.

बदल

फोनवर सांगितलेला बदल हा बजेट फुगण्याचा सर्वांत मोठा मार्ग. बदल काय, त्याने पैसे किती वाढतील किंवा कमी होतील आणि किती दिवस लागतील, या तीन गोष्टी लिहून दोघांच्या सह्या झाल्यावरच काम सुरू व्हावे. एखादी बाब रद्द केली की तिचे पैसे वजा झाले का, हे आवर्जून पाहा. वाढीव कामाचा दर मूळ यादीतूनच घ्यावा अशी अट करारात असू द्या.

पैसे पाठवताना

ठेकेदाराचे बिल त्याच्या चलनात असते आणि तुमची बचत दुसऱ्या चलनात. वर्षभराच्या कामात हा फरक राखीव रक्कम खाऊ शकतो. पुढच्या दोन-तीन हप्त्यांचे चलन आधीच घेऊन ठेवणे किंवा बँकेशी पुढच्या तारखेचा दर बांधून घेणे, हे दोन्ही मार्ग आहेत. आंतरराष्ट्रीय हस्तांतरणात शुल्क कोणी भरायचे याचा पर्याय असतो. सर्व शुल्क पाठवणाऱ्याकडे ठेवा, नाहीतर ठेकेदाराला रक्कम कमी पोचते आणि हप्ता अपुरा म्हणून काम अडते.

‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असा ईमेल आला तर पैसे पाठवण्याआधी ठेकेदाराच्या जुन्या, माहीत असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करा. ईमेल हॅक करून नेमक्या हप्त्याच्या दिवशी असा संदेश पाठवणे ही जगभर चालणारी फसवणूक आहे.

ताबा

ताबा घेताना शक्य असेल तर स्वतः जा. दोषांची यादी खोलीनिहाय लिहून ठेकेदाराची सही घ्या. प्रत्येक नळ एकाच वेळी उघडून दाब पाहा, दारे-खिडक्या बंद होतात का ते पाहा, प्रत्येक सॉकेट तपासा. प्रत्यक्ष झालेल्या कामाचे नकाशे, चाचणी अहवाल, उपकरणांची वॉरंटी आणि राहण्याचा परवाना हाती आल्याशिवाय ताब्याची रक्कम सोडू नका. फ्रान्समध्ये घराच्या गंभीर दोषांची जबाबदारी ताब्यापासून १० वर्षे राहते. स्पेनमध्ये रचनेसाठी १० वर्षे, वापरायोग्यतेवर परिणाम करणाऱ्या दोषांसाठी ३ आणि फिनिशिंगसाठी १ वर्ष. घर असलेल्या देशातली मुदत कोणत्या तारखेपासून मोजायची, ते ताबापत्रातच लिहून घ्या.

आमच्याकडे करार तपासायला देताना नकाशे, मातीचा अहवाल, सर्व ठेकेदारांच्या बाबवार याद्या आणि त्यांच्याशी झालेले लेखी बोलणे एकत्र पाठवावे. सही करण्याआधी पाठवलेत तर अटी बदलून घेता येतात. उचल दिल्यानंतर आलेल्या करारात फक्त पुढचे हप्ते सावरता येतात.