उएनोच्या टेकडीवर काय काय वाचलं

टोकियोत उएनो स्टेशनातून बागेच्या बाजूला बाहेर पडलं की आधी झाडांची दाटी लागते, मग एक मोठं कारंजं, आणि रस्त्यापलीकडे एक लांबलचक भारदस्त इमारत. भिंती पाश्चात्त्य धाटणीच्या, डोक्यावर मात्र जपानी कौलारू छप्पर. हे टोकियो राष्ट्रीय संग्रहालय. संग्रहात सुमारे १ लाख २० हजार वस्तू आहेत आणि त्यांतल्या ८९ वस्तूंना जपान सरकारनं 'राष्ट्रीय ठेवा' हा सर्वोच्च दर्जा दिलेला आहे. बहुतेक पाहुणे थेट मुख्य इमारतीत, म्हणजे होनकानमध्ये शिरतात, सामुराईंची चिलखतं आणि तलवारी बघतात, फोटो काढतात आणि निघतात. मला वाटतं, तिकीट काढण्याआधी दोन मिनिटं थांबून आपण कुठल्या जमिनीवर उभे आहोत हे जाणून घेतलं, तर आतली प्रत्येक काचपेटी वेगळी दिसते.

ही टेकडी कानएइजी या बौद्ध मंदिराची. १६२५ साली तोकुगावा शोगुनांच्या, म्हणजे तेव्हा जपानवर राज्य करणाऱ्या लष्करी घराण्याच्या, आश्रयानं ते उभं राहिलं आणि पुढं कित्येक शोगुनांचे अंत्यविधी इथंच झाले. ४ जुलै १८६८ रोजी, सत्ता सम्राटाच्या बाजूला झुकल्यावर, शोगुनांशी इमान राखणारे लढवय्ये याच टेकडीवर अडून बसले. लढाई एका दिवसात संपली. तोफांच्या माऱ्यात मंदिराचा मोठा भाग जळाला. ज्या जागी मंदिराच्या प्रमुख महंतांचा वाडा होता, तिथेच आज संग्रहालय आहे.

त्याच वर्षी सम्राटाच्या नव्या, मेइजी सरकारनं शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ देवांची, देवस्थानं आणि बौद्ध मंदिरं वेगळी करण्याचा हुकूम काढला. शेकडो वर्षं एकाच आवारात नांदलेले देव आणि बुद्ध आता कागदोपत्री विभक्त झाले. हुकमात मोडतोड करा असं म्हटलेलं नव्हतं, पण लोकांनी आणि स्थानिक अधिकाऱ्यांनी तोच अर्थ घेतला. लाकडी मूर्ती सरपणात गेल्या, घंटा वितळवल्या गेल्या. नारा शहरातल्या कोफुकुजी या प्राचीन मंदिराचे भिक्षू शेजारच्या शिंतो देवस्थानाचे पुजारी झाले आणि मंदिर ओस पडलं. तिथला पाच मजली पॅगोडा किरकोळ रकमेला विकायला काढला होता, अशी गोष्ट अजून सांगितली जाते. दक्षिणेकडच्या सात्सुमा प्रांतात तर एक हजाराहून अधिक मंदिरं होती. ती जवळजवळ सगळी बंद केली गेली.

या सात्सुमाचं नाव मुद्दाम घेतलं, कारण संग्रहालय उभं करणारा माणूस तिथलाच. माचिदा हिसानारी हा सात्सुमाचा सामुराई. १८६५ साली परदेशी जाण्यावर बंदी असताना तो खोट्या नावानं, आपल्या प्रांतातल्या तरुण विद्यार्थ्यांना घेऊन लंडनला गेला. तिथं त्यानं ब्रिटिश म्युझियम पाहिलं. परत आला तेव्हा स्वतःच्या देशात मूर्ती जळत होत्या. त्याच्या मनात तेव्हा काय आलं असेल याचा अंदाज बांधायला पुरावा लागत नाही, त्यानं पुढं जे केलं ते पुरेसं बोलकं आहे.

१८७१ साली सरकारनं जुन्या वस्तूंच्या जतनाचा पहिला हुकूम काढला, त्यामागं माचिदाचा आग्रह होता. त्यात काय काय जपायचं याचे ३१ वर्ग दिलेले होते. दुसऱ्याच वर्षी माचिदा आणि पुरातन वस्तूंचा जाणकार निनागावा नोरिताने पाहणीला निघाले. सोबत छायाचित्रकार योकोयामा मात्सुसाबुरो होता. इसे, नागोया, क्योतो, नारा असं करत त्यांनी चार-एक महिने मंदिरांची आणि जुन्या घराण्यांची कोठारं उघडायला लावली, एकेक वस्तू नोंदवली, तिचे फोटो घेतले. आठव्या शतकातल्या सम्राटाच्या वस्तू जपून ठेवलेल्या शोसोइन या लाकडी कोठाराची मोहरही या पाहणीसाठी काढली गेली. कोठारं उघडून घेणं हे एका अर्थी धाडस होतं, कारण तिथल्या भिक्षूंना सरकारी माणूस दारात दिसला की धडकी भरायची.

पाहणीला निघण्याआधी, १८७२ च्या वसंतात, टोकियोच्या युशिमा भागातल्या कन्फ्यूशियसच्या जुन्या मंदिरात सरकारनं एक प्रदर्शन भरवलं. संग्रहालय आपला जन्म तिथपासून मोजतं. नागोयाच्या किल्ल्याच्या छपरावरून उतरवलेला सोन्याचा शाचिहोको, म्हणजे वाघाच्या तोंडाचा मासा, अंगणात मांडला होता, आणि त्याला पाहायला एवढी गर्दी लोटली की मुदत वाढवावी लागली. योगायोग असा की मुंबईत भायखळ्याचं संग्रहालय, म्हणजे आजचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, लोकांसाठी खुलं झालं तेही मे १८७२ मध्येच, अवघ्या काही आठवड्यांच्या फरकानं. नागपूरचं संग्रहालय त्याच्याही आधीचं आणि लोक त्याला अजूनही अजब बंगलाच म्हणतात. युशिमाच्या गर्दीलाही सोन्याचा मासा अजबच वाटला असणार.

मग १८७३ चं व्हिएन्नाचं जागतिक प्रदर्शन आलं. युशिमातल्या प्रदर्शनामागं त्याचीच तयारी होती. जपानी भाषेत आज कलेला 'बिजुत्सु' म्हणतात, तो शब्द व्हिएन्नाच्या जर्मन नियमावलीचं भाषांतर करताना घडवला गेला. तोवर चित्र वेगळं, मूर्ती वेगळी, लाखकाम वेगळं. या सगळ्याला मिळून एक नाव लागत नव्हतं, कारण मूर्ती मंदिरात पूजेसाठी होती आणि चित्राची गुंडाळी घरात पाहुणा आला की उलगडण्यासाठी. संग्रहालयात उभं राहिल्यावर ही गोष्ट विसरू नये असं मला मनापासून वाटतं. आपण ज्याला 'कलावस्तू' म्हणून बघतो, ती बनवणाऱ्यानं तसं म्हणून बनवलेलीच नाही. व्हिएन्नाहून परतताना मात्र घात झाला. वस्तू आणणारं फ्रेंच जहाज 'नील' मार्च १८७४ मध्ये इझू द्वीपकल्पाजवळ बुडालं. माणसं गेली आणि पेट्याही समुद्रात गेल्या. त्यांतल्या थोड्याच वस्तू नंतर वर काढता आल्या.

१८७६ साली तलवार बाळगण्यावर बंदी आली. सामुराईचा पेशाच संपला. तलवारी, चिलखतं, मुठीजवळचे नक्षीदार गोल पत्रे, सगळं बाजारात आलं. कोट-पँट आल्यावर किमोनोच्या पट्ट्याला लटकवायच्या औषधाच्या डब्या आणि त्यांना अडकवायच्या छोट्या कोरीव गाठी, म्हणजे इनरो आणि नेत्सुके, निरुपयोगी ठरल्या. युरोप-अमेरिकेतल्या संग्रहांत या वस्तू ढिगानं दिसतात त्याचं हे एक मोठं कारण. उएनोतल्या तलवारींच्या दालनात 'मिकाझुकी मुनेचिका' असली तर तिच्यापाशी थोडं वाकून, प्रकाशाच्या तिरीपेकडे तोंड करून उभं राहावं. पात्याच्या धारेलगत चंद्रकोरीसारखे बारीक उजळ ठसे दिसतात. मिकाझुकी म्हणजे तिसऱ्या रात्रीची कोवळी चंद्रकोर, त्यावरूनच तिचं नाव पडलं.

आता होर्यूजीकडे वळू. या संग्रहालयाचं काळीज मला तिथं सापडतं. नाराजवळचं होर्यूजी हे सातव्या शतकातलं मंदिर, जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारतींपैकी काही तिथं उभ्या आहेत. जमिनी सरकारजमा झाल्या, दानधर्म आटला, छपरं गळू लागली. तेव्हा १८७८ साली मंदिरानं आपल्याकडच्या तीनशेहून अधिक वस्तू राजघराण्याला अर्पण केल्या आणि बदल्यात १० हजार येन मिळाले. त्या पैशांवर मंदिर तगलं. वस्तू गेल्या म्हणून इमारत राहिली, आणि वस्तूही राहिल्याच. असा सौदा करताना भिक्षूंना काय वाटलं असेल? पण तो केला नसता, तर दोन्ही गमवायची वेळ आली असती.

या वस्तूंसाठी संग्रहालयाच्या आवारात स्वतंत्र दालन आहे, आजचं रूप त्याला १९९९ मध्ये मिळालं. ते तानिगुची योशिओ यांनी बांधलं. समोर उथळ पाण्याचा तलाव, त्यावरून जाणारी अरुंद वाट आणि काचेची शांत इमारत. न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियमचा नंतरचा विस्तारही याच वास्तुविशारदाचा. तळमजल्यावर एक अंधारी खोली आहे. सोन्याचा मुलामा दिलेल्या कांस्याच्या छोट्या बुद्धमूर्ती तिथं रांगांत उभ्या आहेत, बहुतेक वीतभर किंवा थोड्या अधिक उंचीच्या, आणि प्रत्येकीला स्वतःची वेगळी काचपेटी. त्यामुळे मूर्तीच्या मागं जाता येतं. पाठमोऱ्या मूर्तीच्या मानेवर उतरलेला केसांचा गुच्छ दिसतो, जिथला मुलामा झिजला तिथं काळसर तांबं उघडं पडलेलं दिसतं. मंदिरात या मूर्तींची पाठ कुणाला दिसली नसती.

याच होर्यूजीच्या ठेव्यात ताडपत्राची दोन पानं आहेत. त्यांवर सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीत, संस्कृतात, प्रज्ञापारमिताहृदयसूत्र आणि उष्णीषविजया ही धारणी, म्हणजे पठणाचा मंत्र, लिहिलेली आहे. ही पानं इसवी सन ६०९ पासून जपानात आहेत अशी परंपरा. अलीकडचे अभ्यासक लेखन त्यानंतरचं, सातव्या-आठव्या शतकाच्या आसपासचं मानतात. १८८४ साली ऑक्सफर्डहून मॅक्स म्यूलर आणि नान्जो बुन्यू यांनी या पानांचा अभ्यास छापला, तेव्हा लिपीबद्दलचं परिशिष्ट लिहिलं गेऑर्ग ब्यूलर यांनी. हे तेच ब्यूलर, जे १८६३ पासून मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत होते आणि मुंबई सरकारसाठी हस्तलिखितं गोळा करत होते. तो सरकारी संग्रह पुढं डेक्कन कॉलेजातून पुण्याच्या भांडारकर संस्थेत गेला.

उएनोतली इमारत १८८२ मध्ये उघडली. ती इंग्रज वास्तुविशारद जोसाया काँडर यांची, लाल विटांची. त्याच वेळी संग्रहालयाच्या अखत्यारीत प्राणिसंग्रहालयही सुरू झालं. माचिदा पहिला संचालक झाला आणि त्याच वर्षी पायउतार झाला. पुढं तो बिवा सरोवराकाठच्या मिइदेरा मंदिराशी जोडला जाऊन बौद्ध भिक्षू झाला. ज्या प्रांतानं आपली मंदिरं पुसून टाकली, तिथला माणूस शेवटी मंदिरातच विसावला. संग्रहालयाच्या मागच्या बागेत त्याच्या स्मृतीचा शिलालेख आहे. तिथवर फारसं कुणी जात नाही, पण जाण्यासारखं आहे.

यानंतरची साठ-पासष्ट वर्षं झटपट सांगता येतील. १८८९ मध्ये ते 'शाही संग्रहालय' झालं आणि नारा व क्योतोची संग्रहालयंही पाठोपाठ उघडली. १९०९ मध्ये युवराजांच्या विवाहानिमित्त ह्योकेइकान ही घुमटाची इमारत उभी राहिली. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात काँडरची इमारत निकामी झाली, ह्योकेइकान टिकली. आजचं होनकान वातानाबे जिन यांच्या आराखड्यावर बांधलं आणि १९३८ मध्ये उघडलं. युद्ध संपल्यावर १९४७ मध्ये शाही नाव गेलं आणि राष्ट्रीय संग्रहालय झालं.

त्या भूकंपात आपलंही काही जळालं. चित्रकार आराई कान्पो रवींद्रनाथ ठाकुरांच्या निमंत्रणावरून १९१६ साली कोलकात्याला आले होते. नंतर जपानी अभ्यासकांसोबत त्यांनी अजिंठ्याच्या लेण्यांत बसून भित्तिचित्रांच्या नकला केल्या. त्या नकला टोकियोत नेल्या आणि १९२३ च्या आगीत भस्म झाल्या. कान्पोंनी हात आवरले नाहीत. १९४० पासून होर्यूजीच्या मुख्य मंडपातल्या भित्तिचित्रांच्या नकला करायच्या कामात ते होते. १९४५ मध्ये त्यांचं निधन झालं, आणि २६ जानेवारी १९४९ ला त्याच मंडपाला आग लागून मूळ चित्रं करपली. त्या चित्रांतल्या बोधिसत्त्वांची अजिंठ्याच्या पद्मपाणीशी तुलना करत अभ्यासकांच्या दोन पिढ्या गेल्या होत्या. या आगीनं जपान हादरला. १९५० मध्ये सांस्कृतिक ठेवा संरक्षण कायदा आला, 'राष्ट्रीय ठेवा' ही आजची व्यवस्था त्याच कायद्याची. २६ जानेवारीला आपल्याकडं झेंडावंदन असतं, जपानात त्या दिवशी मंदिरांत अग्निशमनाचा सराव होतो.

आशियाचं दालन, तोयोकान, त्यानंतर कितीतरी वर्षांनी, १९६८ मध्ये उघडलं. ते बांधणारे तानिगुची योशिरो हे होर्यूजी दालन बांधणाऱ्या योशिओंचे वडील. गांधार शिल्पं, चिनी बुद्ध, मध्य आशियातल्या वाळवंटातून ओतानी या जपानी बौद्ध धर्मगुरूच्या मोहिमांनी आणलेली चित्रं, भारतीय लघुचित्रं, सगळं एकावर एक चढत जाणाऱ्या मजल्यांत आहे. ख्मेर शिल्पं १९४४ साली फ्रेंच संस्थेशी झालेल्या वस्तूंच्या अदलाबदलीतून आली. हिकोनेच्या इइ घराण्यानं जपलेले भारतीय छापील कापडाचे तुकडेही याच संग्रहालयात आहेत. कोरोमंडल किनाऱ्यासारख्या ठिकाणांहून गेलेलं सुती कापड तिकडं इतकं मोलाचं होतं, की वीतभर तुकडासुद्धा चिकटवहीत लावून ठेवत.

इथं एक गोष्ट लपवून चालणार नाही. कोरियाच्या दालनातल्या अनेक वस्तू जपानच्या वसाहती राजवटीच्या काळात कोरियातून बाहेर गेल्या. १९६५ च्या करारानंतर जपाननं सुमारे १,४०० वस्तू परत केल्या. ओगुरा संग्रहासारख्या खासगी संग्रहातून पुढं संग्रहालयाकडं आलेल्या वस्तूंची मागणी कोरियात अजूनही होते. स्वतःचा ठेवा वाचवण्यासाठी जन्मलेल्या संस्थेत दुसऱ्याचा ठेवा असणं मला बोचतं, आणि ते बोचावं असंच आहे.

जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. सोमवारी संग्रहालय बंद असतं. सोमवारी सुट्टी असली तर ते उघडं राहतं आणि दुसऱ्या दिवशी बंद. चित्रं, गुंडाळ्या, कापड आणि लाखकाम उजेडानं खराब होतं म्हणून काही आठवड्यांनी बदलतात, त्यामुळे पुस्तकात पाहिलेली वस्तू त्या दिवशी समोर असेलच असं नाही. २०२२ मध्ये दीडशे वर्षं झाली तेव्हा ८९ राष्ट्रीय ठेवे एकाच प्रदर्शनात, पण पाळीपाळीनं मांडले होते. जपानला जाणं जमत नसेल, तर मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहातून आलेल्या जपानी आणि चिनी वस्तू आहेत.

आणि होर्यूजीची ताडपत्रं कधी बाहेर मांडलेली दिसली, तर दुसऱ्या पानाच्या शेवटच्या ओळीकडे नीट बघा. धारणी संपल्यावर उरलेल्या जागेत लिहिणाऱ्यानं सिद्धम्‌ची वर्णमाला लिहून ठेवली आहे, स्वर आधी, मग व्यंजनं, शाळेत आपण ज्या क्रमानं शिकलो त्याच क्रमानं. जपानी मुलं आज 'आ, इ, उ, ए, ओ, का, सा, ता, ना' म्हणतात तो क्रमही तिथल्या भिक्षूंनी याच वर्णमालेच्या अभ्यासातून उचललेला.