विश्वधर्म (खानदेशातील विचार)
सर्व धर्मांच्या मुळाशी तत्त्व एकच आहे, किंवा सर्वांसाठी धर्मच एक असावा, अशी कल्पना. या दोन अर्थांची गल्लत नेहमी होते. खानदेशात पहिल्या अर्थाचा पक्ष अधिक बळकट दिसतो.

या संदर्भात बऱ्हाणपूरच्या (आता मध्य प्रदेशात) जामा मशिदीचा दाखला दिला जातो. खानदेशच्या फारुकी घराण्यातील सुलतान आदिलशाह ऊर्फ राजा अलीखान याने बांधलेल्या या मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. त्यावर संवत १६४६, शके १५११ असा काळ असून तो साधारणपणे इ. स. १५९० चा मानतात. आरंभी सृष्टिकर्त्याला नमन आहे; पुढे ईश्वराला अव्यक्त, व्यापक, नित्य, गुणातीत म्हटले आहे. ही विशेषणे वेदान्त्याला जितकी ओळखीची, तितकीच निराकार अल्लाला मानणाऱ्यालाही पटणारी. त्यावरून काही जण हा समन्वयाचा जाहीरनामा मानतात. काहींच्या मते ही केवळ दरबारी रीत. मात्र लेखाच्या शेवटी ही ‘मसीति’ (मशीद) स्वधर्मपालनार्थ बांधल्याचे म्हटले आहे, याकडे दोन्ही पक्षांचे दुर्लक्ष होते. ईश्वर एक, धर्म मात्र ज्याचा त्याचा, असाच या लेखाचा सरळ अर्थ लागतो. अकबराच्या दीन-ए-इलाही या सर्वधर्मसमन्वयी पंथाशी त्याचा संबंध जोडणे ओढूनताणून वाटते.

आधुनिक काळात अमळनेरला प्रताप शेठ यांच्या आश्रयाने तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले (१९१६). तेथील भर अद्वैतावर, म्हणजे जीव व ब्रह्म एकच या वेदान्तमतावर होता. साने गुरुजी काही काळ या संस्थेत होते. पुढे अमळनेरच्याच शाळेत ते शिक्षक झाले. ‘खरा तो एकचि धर्म’ ही त्यांची प्रार्थना सर्वपरिचित आहे. तिच्यातली एकता तत्त्वाची नसून आचरणाची आहे. अद्वैताशी तिचे नाते दूरचेच म्हणावे लागेल.

१९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारीपासून दर रविवारी एक, अशी गीतेवर १८ प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती बोलता बोलता टिपून घेतली. त्यांतही स्वधर्म हाच कळीचा शब्द आहे. विनोबांनी पुढे कुराणाचे सार काढले, पण निरनिराळे धर्म मोडून एक करावेत असे त्यांनी सुचवले नाही.

सातपुड्यातील भिल्ल-पावरा आदिवासींच्या याहामोगी, वाघदेव या देवतांना या चर्चेत क्वचितच स्थान मिळाले.