जपानी तलवारींचे ऑनलाइन लिलाव : ‘कागदांसह’ या शब्दाची पार्श्वभूमी

जुन्या जपानी तलवारींच्या ऑनलाइन लिलावात पात्याची लांबी आणि म्यानाचे फोटो यांच्याही वर एक शब्द ठळक असतो : ‘कागदांसह’. या शब्दापायी बोली चढते. गंमत अशी की तो निदान तीन निरनिराळ्या कागदांना लावला जातो. त्यांतला एक परदेशी खरेदीदाराच्या हाती येतच नाही, दुसऱ्यावर जाणकारांचा विश्वास फारसा उरलेला नाही आणि तिसऱ्याचे नाव इतके साधे आहे की नवखा त्याच्याकडे पाहतही नाही.

तलवारीला कागद जोडण्याची चाल जुनीच. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, शोगुनच्या (लष्करी सत्ताधीशाच्या) पदरी असलेले एक परीक्षक घराणे घडी घातलेल्या कागदावर लोहाराचे नाव आणि सोन्याच्या नाण्यांत किंमत लिहून देई. त्या कागदाला ‘ओरिगामी’ म्हणत. कागदी पक्ष्यांच्या कलेला ते नाव नंतर चिकटले. सरदार एकमेकांना तलवारी भेट देत तेव्हा भेटीचा मान या आकड्यावर ठरे. साहजिकच आकडे फुगत गेले. त्या घराण्याच्या नंतरच्या पिढ्यांचे कागद आजही सैल हाताचे मानले जातात. १८७६ मध्ये कमरेला तलवार लावण्यावर बंदी आली. आजच्या लिलावाची खरी घडण मात्र त्यानंतर सत्तर वर्षांनी झाली.

ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण आला. ताबा घेणाऱ्या अमेरिकी सैन्याने शस्त्रे जमा करण्याचा हुकूम काढला आणि त्या हुकमात देवघराशेजारी जपलेली पिढीजात तलवार नि छावणीतली तलवार यांत फरक नव्हता. पोलिस ठाण्यांत ढीग लागले. कित्येक पाती नष्ट झाली, कित्येक सैनिकांच्या सामानातून आठवण म्हणून अमेरिकेला गेली. शोगुन घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली ‘होन्जो मासामुने’ ही नामांकित तलवार डिसेंबर १९४५ मध्ये टोकियोतल्या एका ठाण्यात जमा झाली, ती पुढे कुणाला दिसलेली नाही. अमेरिकेत एखाद्या आजोबांच्या माळ्यावरून तलवार निघाली की नातवंडांना आधी हेच नाव आठवते. ते निघत नाही. पण लष्करी मुठीखाली चारशे वर्षांचे पाते निघाल्याची उदाहरणे आहेत, कारण बरेच अधिकारी घरची तलवार नव्या साजात बसवून युद्धावर गेले होते.

या धामधुमीत काही जपानी जाणकारांनी एका अमेरिकी अधिकाऱ्याला पटवले की चांगले पाते ही कलावस्तू आहे. त्यातून सवलत निघाली : कलेच्या दृष्टीने मोल असलेली तलवार ठेवता येईल. १९५० च्या आदेशाने नोंदणीची पद्धत आली, १९५८ च्या कायद्याने ती पक्की केली. तडजोड शहाणपणाची होती, दुसरा मार्ग बहुधा नव्हताच. पण तिची किंमत युद्धकाळातल्या तलवारींनी मोजली. पारंपरिक पद्धतीने न घडवलेल्या, कारखान्यातल्या पोलादाच्या पात्यांना नोंदणी मिळत नाही आणि नोंदणीशिवाय ते पाते जपानमध्ये बाळगणे गुन्हा ठरते. म्हणून १९३५ च्या नमुन्याची, पात्यावर अनुक्रमांक असलेली लष्करी तलवार अमेरिकेतल्या लिलावात हौसेने विकली जाते, तर जपानमध्ये ती सापडली की नष्ट करावी लागते. तिच्या बनावट नकलाही ऑनलाइन बाजारात कमी नाहीत.

नोंदणीचा हा कागद म्हणजे पहिला ‘कागद’. तो प्रांताचे शिक्षण मंडळ देते. त्यावर प्रकार, लांबी, बाक, मुठीची खीळ बसवण्याच्या भोकांची संख्या आणि सही असल्यास तिचा मजकूर एवढेच असते. सही खरी आहे की नाही, यावर तो एक अक्षर बोलत नाही. एखाद्या नामांकित लोहाराची खोटी सही कोरलेली असेल, तर ती जशी दिसते तशी नोंदवली जाते. खोट्या सह्यांचा धंदा त्या लोहारांइतकाच जुना, त्यामुळे असे नमुने भरपूर. तरीही लिलावात या कार्डाचा फोटो ‘सरकारी प्रमाणपत्र’ म्हणून मिरवतो. हे खोटे नाही, पण वाचणारा जे समजतो ते खरे नाही.

दुसरा आणि तिसरा कागद परीक्षणाचे. तलवारींच्या जतनासाठी १९४८ मध्ये स्थापन झालेली एक संस्था पाते तपासून दाखला देते. सुरुवातीच्या दाखल्याचे नाव ‘किचो’, म्हणजे मौल्यवान. त्यावरची पायरी ‘तोकुबेत्सू किचो’, विशेष मौल्यवान. सत्तरच्या दशकापर्यंत हे दाखले इतके सढळ वाटले गेले की मोठ्या नावांच्या बाबतीत बाजाराने त्यांवर विसंबणे सोडले. १९८२ मध्ये संस्थेने नवी श्रेणी आणली : ‘होझोन’, जतन करण्याजोगी, आणि ‘तोकुबेत्सू होझोन’. नाव बदलल्याने जुने कागद रद्द झाले नाहीत. ते पेट्यांत राहिले आणि आता लिलावात येतात. परक्या वाचकाला ‘विशेष मौल्यवान’ हे ‘जतन करण्याजोगी’पेक्षा भारी वाटणारच, बाजारात हिशेब नेमका उलटा आहे. त्यात भर म्हणून याच संस्थेची १९५८ पासूनची वरची श्रेणी ‘जुयो’, म्हणजे महत्त्वाची, आणि सरकारच्या ‘महत्त्वाच्या सांस्कृतिक ठेव्या’च्या नावातही तोच शब्द. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. काही विक्रेते तो आहे असे भासू देतात.

जुना दाखला दिसला की एक प्रश्न विचारावा : विक्रेता जपानमध्येच आहे, फेरतपासणीचे शुल्क मोठ्या नावाच्या तलवारीच्या किमतीपुढे किरकोळ आहे, मग नवा दाखला का घेतला नाही? कधी कधी उत्तर साधे असते, वारसांना माहितीच नसते. पण पाते तपासणीला जाऊन नापास होऊन आले असेल, तर त्या नापासाची खूण जुन्या कागदावर कुठेच उमटत नाही. माझ्या मते ‘कागदांसह’ या शब्दातला सगळ्यात मोठा धोका हाच.

ऑनलाइन लिलाव या साठ्यावर उशिरा आले. एके काळी जपानी व्यापारी अमेरिकेतल्या हॉटेलांत खोल्या घेऊन, वर्तमानपत्रात जाहिरात देऊन सैनिकांकडच्या तलवारी विकत घेत आणि मायदेशी नेत. नव्वदच्या दशकात जपानी भाव कोसळले तसा तो ओघ आटला. १९९९ मध्ये जपानमध्ये मोठा ऑनलाइन लिलाव सुरू झाला. हळूहळू खेड्यातल्या कोठाराची सफाई करणाराही विक्रेता झाला. ‘उबुदाशी’, म्हणजे घरातून पहिल्यांदाच बाहेर आलेली वस्तू, हा व्यापाऱ्यांच्या आपसातला शब्द जाहिरातीत आला. गंजलेल्या पात्याचा अंधूक फोटो मुद्दाम टाकलाय की खरेच हौशी माणसाचा आहे, हे ओळखणे अवघड. धारेला आडवी गेलेली केसाएवढी भेग, ‘हागिरे’, तलवार निकामी ठरवते, आणि ती फोटोत बहुधा दिसत नाही.

मग येन घसरला. २०१२ मध्ये एका डॉलरला ८० च्या आसपास येन मिळत, २०२४ मध्ये १६० च्या घरात. चार लाख येनची तलवार परदेशी माणसाला पाच हजार डॉलरऐवजी अडीच हजारांत पडू लागली. बरेच जपानी विक्रेते बाहेर पाठवत नाहीत, म्हणून मध्यस्थाकडून बोली लावण्याची पद्धत रुळली. पुण्या-मुंबईतून हौस करणाऱ्यांसाठी एवढेच : नऊ इंचांहून लांब पाते आपल्याकडच्या शस्त्र नियमांत येते, आयातीला परवाना लागतो, आणि तो प्रश्न बोलीच्या आधीचा आहे.

तलवार जपानबाहेर न्यायची तर सांस्कृतिक खात्याची परवानगी हवी आणि तिच्यासाठी नोंदणीचे कार्ड परत करावे लागते. ज्याच्या फोटोवर बोली चढली ते कार्ड तिथेच राहते. पेटीतून येते ती निर्यातीची चिठ्ठी आणि असल्यास परीक्षणाचा दाखला. तीच तलवार पुढे कधी जपानला परतली, तर विमानतळावर पोलिसांकडे नोंद करून नव्याने तपासणी, नवे कार्ड, नवा क्रमांक.