जुना व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर का घुमतो, का खरखरतो?

१९५० आणि १९६०च्या दशकांत बनलेले गिटारचे व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांनी (व्हॉल्व्हनी) आवाज वाढवणारी यंत्रे, आजही वापरात आहेत आणि त्यांच्या स्वरासाठी जिव्हाळ्याने जपले जातात. मात्र वय झाले की गिटार वाजत नसतानाही ते काही ना काही ऐकवू लागतात. कधी संथ घुमघुम, कधी पावसासारखी सळसळ, कधी मध्येच उठणारी कडकड. अशा वेळी संशय येईल तो भाग बदलत सुटण्याचा मोह होतो. त्यात खर्च वाढतो, चांगले मूळ भाग विनाकारण काढले जातात आणि आवाज बहुधा तसाच राहतो. वास्तविक आवाजाची पट्टी आणि कोणते बटण फिरवल्यावर तो कसा बदलतो, एवढ्या दोन गोष्टी नीट ऐकल्या, तर दोष सर्किटच्या कोणत्या भागात आहे याचा अंदाज पेटी न उघडताही बांधता येतो.

पहिली पायरी म्हणजे गिटारपासून अ‍ॅम्प्लिफायरकडे येणारी केबल काढून टाकणे. बहुतेक अ‍ॅम्प्लिफायरमध्ये इनपुटच्या सॉकेटात एक पत्ती असते आणि प्लग नसताना ती इनपुट आपोआप अर्थला (सर्किटच्या शून्य दाबाच्या जोडणीला) जोडते. प्लग काढताच आवाज थांबला, तर दोष अ‍ॅम्प्लिफायरमध्ये नसून गिटारमध्ये, केबलमध्ये किंवा खोलीत आहे. एका वेटोळ्याचा पिकअप (तारांची कंपने विजेच्या संकेतात बदलणारा गिटारवरचा भाग) जवळच्या ट्रान्सफॉर्मरचे किंवा दिव्याच्या डिमरचे चुंबकीय क्षेत्र सहज पकडतो आणि गिटार घेऊन जागीच वळले तरी हा आवाज कमी-जास्त होतो. याच दोषावर उपाय म्हणून गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५०च्या दशकात दोन वेटोळ्यांचा हमबकर पिकअप तयार केला होता.

प्लग काढूनही आवाज राहिला, तर व्हॉल्यूमचे बटण शून्यावर आणावे. आवाज त्याबरोबर खाली गेला, तर त्याचा उगम बटणाच्या आधीच्या टप्प्यात आहे. काहीच फरक पडला नाही, तर तो बटणाच्या पुढे, म्हणजे फेज इन्व्हर्टर (आउटपुट व्हॉल्व्हच्या जोडीला एकमेकांविरुद्ध संकेत पुरवणारा टप्पा), स्पीकर चालवणारे आउटपुट व्हॉल्व्ह किंवा वीजपुरवठा यांपैकी कोठेतरी आहे. ही कसोटी अगदी साधी असूनही बरेच जण ती वगळतात, याचे आश्चर्य वाटते.

यानंतर व्हॉल्व्ह एकेक करून काढून पाहता येतात. ज्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये सर्व हीटर (व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारा) समांतर जोडलेले असतात, तेथे एक लहान व्हॉल्व्ह काढला तरी बाकीचे चालू राहतात. वीज बंद करून, काच निवू देऊन, इनपुटकडचा पहिला व्हॉल्व्ह काढावा आणि पुन्हा ऐकावे. मग दुसरा, मग तिसरा, असे आउटपुटकडे सरकावे. जो काढल्यावर आवाज थांबतो, त्या टप्प्यात दोष असतो. फेज इन्व्हर्टरसुद्धा काढल्यानंतर घुमघुम कायम असेल, तर शोध आउटपुट व्हॉल्व्ह आणि वीजपुरवठ्यापुरता उरतो. या सर्व काळात स्पीकर जोडलेलाच हवा, कारण स्पीकरविना चालवल्यास आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

येथपर्यंत पेटी उघडावी लागत नाही. उघडण्याची वेळ आली, तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली पाहिजे: आत ३०० ते ५०० व्होल्टचा दाब असतो आणि वीज बंद करून प्लग काढल्यानंतरही मोठे कपॅसिटर (वीजभार साठवणारे भाग) तो धरून ठेवू शकतात. रोधकामार्फत ते रिकामे करून, मीटरने दाब शून्याजवळ आल्याची खात्री केल्याशिवाय आत हात घालू नये, आणि हे करण्याचा सराव नसेल तर काम जाणकाराकडे द्यावे. जुन्या अमेरिकी अ‍ॅम्प्लिफायरांच्या दोन पिनांच्या प्लगमागे पुरवठ्याची एक तार आणि चासी (धातूचा सांगाडा) यांच्यामध्ये एक कपॅसिटर बसवलेला असे. तो शॉर्ट झाला तर गिटारच्या तारांपर्यंत पुरवठ्याचा दाब पोहोचू शकतो. आवाज शोधण्याआधी तो कपॅसिटर काढून अर्थसह तीन पिनांचा प्लग बसवून घेणे आवश्यक आहे.

आता घुमघुमीकडे वळू. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल, तर पूर्णलहरी रेक्टिफायरनंतर (प्रत्यावर्ती विजेचे दोन्ही अर्ध वापरून ती एकदिश करणाऱ्या भागानंतर) उरणारी लहर १०० हर्ट्झची असते. ६० हर्ट्झच्या देशांत ती १२० हर्ट्झची असते. हा फरक गिटारवादकाला उपकरणाशिवाय ओळखता येतो. सहाव्या तारेवर तिसऱ्या पडद्यावरचा जी स्वर ९८ हर्ट्झचा असतो, म्हणजे १०० हर्ट्झची घुमघुम जवळजवळ त्याच स्वरात लागते आणि ५० हर्ट्झची त्याच्या एक सप्तक खाली. पुरवठा ६० हर्ट्झचा असेल, तर १२० हर्ट्झचा आवाज पाचव्या तारेच्या पहिल्या आणि दुसऱ्या पडद्यांच्या मधोमध पडतो. गिटारचे स्पीकर ५० हर्ट्झ फारसे वाजवत नाहीत आणि कानाला त्याचे वरचे स्वरक अधिक ऐकू येतात, म्हणून पोताकडेही लक्ष द्यावे. हीटरचा आवाज सहसा गोल आणि खोल असतो, तर पुरवठ्याची लहर करवती आकाराची असल्यामुळे तिच्यात भुणभुणणारी धार असते.

१०० हर्ट्झची घुमघुम असेल, तर पहिला संशय ही लहर गाळणाऱ्या फिल्टर कपॅसिटरवर जातो. हे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावरील ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आणि त्याला भिडलेले द्रव इलेक्ट्रोलाइट यांवर त्यांचे काम चालते. काही दशकांत हे द्रव वाळते, धारकता घटते, अंतर्गत रोध वाढतो आणि लहर गाळली जात नाही. बाहेरून कपॅसिटर धडधाकट दिसला तरी तो आतून वाळलेला असू शकतो. साठ वर्षांपूर्वीचे मूळ फिल्टर कपॅसिटर केवळ मूळ आहेत म्हणून ठेवण्यात मला काही अर्थ दिसत नाही. हाच बिघाड प्रीअ‍ॅम्पच्या (इनपुटकडील सुरुवातीच्या टप्प्यांच्या) पुरवठ्यात झाला, तर टप्प्यांमधील विलगीकरण संपते आणि दूरवरच्या मोटारबोटीसारखी मंद पुटपुट सुरू होते.

कपॅसिटर नवे असूनही घुमघुम राहिली, तर आउटपुट व्हॉल्व्हची जोडी तपासावी. पुश-पुल रचनेत, म्हणजे दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने काम करतात तेथे, आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दोन अर्ध्या वेटोळ्यांतून प्रवाह विरुद्ध दिशांनी वाहतो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सारखी येणारी लहर एकमेकींना रद्द करते. एक व्हॉल्व्ह थकला की हा समतोल बिघडतो आणि एरवी लपून राहिलेली लहर ऐकू येऊ लागते.

५० हर्ट्झ ऐकू आले की सगळे हीटरकडे बोट दाखवतात आणि पुष्कळदा ते बरोबरही असते. लहान व्हॉल्व्हचे हीटर ६.३ व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेवर चालतात. ट्रान्सफॉर्मरवरील त्यांच्या वेटोळ्याचा मध्यबिंदू अर्थला जोडलेला हवा. तो नसेल तर १०० ओहमचे दोन सारखे रोधक लावून कृत्रिम मध्यबिंदू तयार करतात. या दोनपैकी एक रोधक जळला की घुमघुम एकदम वाढते. परंतु आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला (प्रवाह नियंत्रित करणाऱ्या जाळीला) ऋण दाब देणारा बायसचा पुरवठा अनेक जुन्या सर्किटांत अर्धलहरी असतो, म्हणजे विजेचा एकच अर्ध वापरतो आणि त्याचा कपॅसिटर वाळला तर तोही ५० हर्ट्झचाच आवाज देतो. फेज इन्व्हर्टर काढल्यावरही ५० हर्ट्झ राहिले, तर हा कपॅसिटर अवश्य तपासावा.

सळसळ आणि कडकड यांचे मूळ वेगळे असते. त्या काळातील कार्बन कॉम्पोझिशन रोधक कार्बनचे कण आणि बांधणारे द्रव्य दाबून बनवलेले असत. कणाकणांमधून जाताना प्रवाह सतत सूक्ष्म चढ-उतार करतो आणि रोधकावरील दाब जितका अधिक, तितका हा गोंगाट अधिक. म्हणून सर्वाधिक उपद्रव प्लेटच्या (व्हॉल्व्हमधील प्रवाह गोळा करणाऱ्या पट्टीच्या) रोधकाचा होतो: १०० किलोओहम रोध, सुमारे १ मिलिअँपिअर प्रवाह, म्हणजे त्याच्यावर १०० व्होल्टच्या आसपास दाब, आणि त्यापुढे अजून दोन-तीन टप्प्यांचे वर्धन. येथे एक फसगत संभवते. व्हॉल्व्ह काढला की रोधकातला प्रवाहही थांबतो, त्यामुळे कडकड थांबली तरी दोषी व्हॉल्व्हच होता असे सिद्ध होत नाही. त्या जागी खात्रीचा दुसरा व्हॉल्व्ह लावावा. कडकड परत आली तर रोधक बदलावा, आणि त्यासाठी मेटल फिल्मचा रोधक निवडावा. बाकीचे शांत रोधक मात्र तसेच राहू द्यावेत.

व्हॉल्व्ह स्वतः दोषी असेल, तर तो पेन्सिलीने हलकेच टकटक केल्यावर बोलतो. आतली ग्रिड सैल झाली की ती थरथरते, प्लेटचा प्रवाह त्याबरोबर हलतो आणि स्पीकरमधून घंटेसारखा नाद येतो. स्पीकर आणि व्हॉल्व्ह एकाच पेटीत असलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हा नाद स्वतःलाच पोसत किंचाळीत बदलू शकतो. सगळेच व्हॉल्व्ह थोडेफार वाजतात, त्यामुळे मंद टकटक ऐकू आली म्हणून लगेच नवा घेण्याची गरज नाही.

बटण फिरवताना होणारी खरखर बहुधा धुळीची असते आणि क्लीनरने जाते. ती पुन्हा लगेच आली, तर कपलिंग कपॅसिटर (एका टप्प्याचा संकेत पुढे जाऊ देऊन एकदिश दाब अडवणारा) गळत असून बटणावर एकदिश दाब पोहोचत आहे का, हे मीटरने पाहावे. दमट हवेत वाढणारी कडकड असेल, तर काही जुन्या अ‍ॅम्प्लिफायरांतील मेण लावलेल्या फायबरच्या पाटीकडे संशय वळतो. ती ओल धरून किंचित वीजवाहक होते आणि पाटीच्या कोऱ्या भागावर मीटरचे टोक ठेवले तरी काही व्होल्ट दिसतात.

हे सर्व निस्तरल्यावरही एक बारीक सळसळ उरते. कोणत्याही रोधकातील इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत हलत असतात आणि त्यातून दाबाचे सूक्ष्म चढ-उतार होतात, हे जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये मांडले. अनेक अ‍ॅम्प्लिफायरांच्या इनपुटला असणारा ६८ किलोओहमचा रोधक खोलीच्या तापमानाला, १० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, सुमारे ३ मायक्रोव्होल्टचा असा गोंगाट निर्माण करतो. त्यापुढचे १२एएक्स७ जातीचे लहान व्हॉल्व्ह तो प्रत्येक टप्प्याला साधारण ५० ते ६० पटींनी वाढवतात. रोधक लहान केला तर सळसळ थोडी उतरते. मात्र तोच रोधक व्हॉल्व्हच्या अंगच्या धारकतेबरोबर रेडिओच्या लहरी अडवत असतो, त्यामुळे तो फार लहान केल्यास सळसळीच्या जागी एखाद्या केंद्राचे प्रसारण ऐकू येण्याची शक्यता असते.